स्वस्तातले हेर

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये ‘डॉ. नो’ हा जेम्स बाँडचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या निर्मितीवर सुमारे दहा लाख डॉलर खर्च झाले होते आणि त्या काळच्या हिशेबानेही ही रक्कम बेताचीच होती; त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी आलेल्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या त्याच मालिकेतील चित्रपटासाठी कलादिग्दर्शक केन ॲडम यांनी पाइनवुड स्टुडिओच्या आवारात ज्वालामुखीच्या पोटातील गुप्त तळाचा जो देखावा उभारला, त्या एका देखाव्यालाच जवळपास तेवढे पैसे लागले. या पाच वर्षांत बाँड श्रीमंत होत गेला आणि त्याच्या मागोमाग रोम, पॅरिस, माद्रिद आणि म्युनिक येथील निर्मात्यांनी, बाँडपटाच्या एका देखाव्याच्या खर्चात दोन-तीन चित्रपट पुरे व्हावेत अशा काटकसरीने, हेरपटांची रांग लावली. त्यांचे नायक विमानातून उतरतात, हॉटेलात खोली घेतात, खोलीत मारेकरी सापडतो, बारमध्ये सुंदर स्त्री भेटते, मोटारींचा पाठलाग होतो आणि दीड तासाच्या आत जगावरचे संकट टळते. चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी पुढे या साऱ्या पसाऱ्याला ‘युरोस्पाय’ म्हणजे युरोपीय हेरपट असे नाव दिले.

या चित्रपटांकडे दुर्लक्षित कलाकृती म्हणून पाहण्याचा आग्रह धरला तर पदरी निराशा येते, आणि हसण्याचा विषय म्हणून पाहिले तर ते हसू पहिल्या वीस मिनिटांत आटते, कारण यांतील बहुतेक चित्रपट कामचलाऊ पण नेटके आहेत, हास्यास्पद म्हणावेत इतके वाईट नाहीत. त्यांचा आनंद माफक आहे आणि तो माफक आहे म्हणूनच त्याचा उगम तपासण्याजोगा ठरतो. पैशाची चणचण लपवण्यासाठी या चित्रपटकर्त्यांना ज्या युक्त्या कराव्या लागल्या, जी खरी ठिकाणे वापरावी लागली आणि ज्या गोष्टी कॅमेऱ्यासमोर आणणे परवडत नसल्याने केवळ संवादांत सुचवाव्या लागल्या, त्यांतूनच या चित्रपटांचे रंजकत्व उभे राहिले, आणि पुढे काही निर्मात्यांच्या हाती थोडा अधिक पैसा आला तेव्हा ते कमी झाले.

हे सारे बाँडच्या नकलेतून जन्मले ही प्रचलित समजूत अर्धीच खरी आहे. इयान फ्लेमिंग यांची ‘कसिनो रोयाल’ ही पहिली बाँड कादंबरी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या चार वर्षे आधी, १९४९ मध्ये, झाँ ब्रूस या फ्रेंच लेखकाने यूबेर बोनिसर द ला बात या लांबलचक नावाच्या आणि ‘ओ.एस.एस. ११७’ या सांकेतिक क्रमांकाच्या हेराला जन्म दिला होता. ओ.एस.एस. ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकेची हेरसंस्था, जी १९४५ मध्ये विसर्जित झाली आणि जिचा वारसा दोन वर्षांनी सी.आय.ए.कडे आला; ब्रूस यांचा नायक फ्रेंच वंशाचा अमेरिकन असल्यामुळे फ्रेंच वाचकाला परका आणि आपला असे दोन्ही लाभ एकाच पात्रात मिळाले. ब्रूस यांनी या नायकाच्या ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, १९६३ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांच्या पत्नी जोसेत ब्रूस यांनी मालिका हाती घेतली आणि आणखी शंभरावर कादंबऱ्यांची भर घातली. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांच्या रूपाने हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर ज्या वाचकांच्या घरोघरी पोहोचले होते, त्या मराठी वाचकांना या उत्पादनवेगाचे नवल वाटू नये. खिशात मावणारे पुस्तक, ओळखीचा नायक, नवे शहर आणि ठरलेला शेवट हा साचा कागदावर आधीच सिद्ध झालेला होता. १९५७ मध्ये या नायकाचा पहिला चित्रपटही निघाला होता. बाँडच्या यशाने निर्मात्यांना एवढेच कळले की या साच्याला रंगीत पडद्यावर मोठे गिऱ्हाईक आहे. दिग्दर्शक आंद्रे युनबेल यांनी १९६३ पासून केर्विन मॅथ्यूज आणि मग फ्रेडरिक स्टॅफर्ड यांना घेऊन ही मालिका नव्याने सुरू केली आणि फ्रान्समध्ये ती चांगली चालली.

मात्र स्वस्त हेरपटाची खरी राजधानी रोम होती. १९५८ मध्ये स्टीव्ह रीव्हज या पिळदार शरीराच्या अमेरिकन नटाच्या ‘हर्क्युलिस’ने तेथे पौराणिक वीरपटांची लाट आणली होती, जिला समीक्षक ग्रीक पोशाखाच्या नावावरून ‘पेप्लम’ म्हणत. सहा-सात वर्षांत प्रेक्षक त्या लाटेला कंटाळले आणि सुताराच्या, मारामारीच्या, प्रकाशयोजनेच्या कामात तरबेज झालेले शेकडो लोक, भाडेतत्त्वावरचे स्टुडिओ आणि अर्धनग्न वीर म्हणून नावारूपाला आलेले नट असे सगळेच नव्या कामाच्या शोधात होते. त्यांतील काहींना १९६४ च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’नंतर काउबॉयची टोपी मिळाली, काहींना सूट आणि पिस्तूल. रिचर्ड हॅरिसन, ब्रॅड हॅरिस, जॉर्जो आर्दिसोन ही मंडळी तलवार ठेवून टाय बांधताना पाहिली की या नायकांच्या मारामाऱ्या इतक्या मनापासूनच्या आणि संवाद इतके अवघडलेले का, हे सहज उमगते. इटलीत त्या काळी दरवर्षी साठ कोटींच्या वर तिकिटे विकली जात. शहरातील भारी चित्रपटगृहांनंतर चित्रपट दुय्यम आणि मग तिय्यम गृहांत, गावोगावच्या सभागृहांत उतरत असे, आणि दर आठवड्याला नवा माल मागणारी ही खालची पायरीच स्वस्त हेरपटांची मुख्य बाजारपेठ होती.

पैसा जमवण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. महायुद्धानंतर फ्रान्स, इटली, स्पेन आणि पश्चिम जर्मनी यांनी आपापसांत सहनिर्मितीचे करार केले होते, ज्यांनुसार दोन किंवा तीन देशांच्या निर्मात्यांनी मिळून काढलेला चित्रपट प्रत्येक देशात स्वदेशीच मानला जाई आणि तिकिटांवरील कराच्या परताव्यासारख्या सरकारी सवलतींना पात्र ठरे. त्यासाठी प्रत्येक देशातले काही नट आणि तंत्रज्ञ घेणे भाग असे. हेरपटात स्पॅनिश खलनायक, फ्रेंच नायिका, जर्मन पोलीस अधिकारी आणि इटालियन दिग्दर्शक एकत्र का दिसतात याचे उत्तर पटकथेत शोधून मिळत नाही. ते करारपत्रात असते. हेरकथेला मात्र हे बंधन फार मानवले, कारण तिच्यात पात्रांनी नाना देशांचे असणे आणि दर वीस मिनिटांनी सरहद्द ओलांडणे हे मुळातच शोभून दिसते; हीच नटमंडळी एखाद्या खेड्यातल्या कौटुंबिक कथेत घातली असती तर चित्रपट कोसळला असता.

या गर्दीतला प्रत्येक नट चित्रीकरणाच्या वेळी बहुधा स्वतःच्याच भाषेत बोले, कारण इटलीत ध्वनी जागेवर नोंदवण्याऐवजी नंतर स्टुडिओत भरण्याची पद्धत होती. त्यामुळे ध्वनियंत्रणेचा आणि शांतता राखण्याचा खर्च वाचे आणि त्याच चित्रफितीवर इटालियन, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी असे हवे तेवढे आवाज चढवून चित्रपट चारी दिशांना विकता येई. ओठ आणि शब्द यांच्यातली ती किंचित फारकत, कुठल्याच देशाचे नसलेले ते इंग्रजी आणि बंद खोलीत नोंदवल्यामुळे वाळवंटातही घुमणारे ते आवाज यांनी या चित्रपटांना एक स्वप्नवत अधांतरीपण दिले आहे, ज्याची सवय झालेल्या प्रेक्षकाला प्रामाणिक जागेवरचा ध्वनी कधीकधी फिका वाटू लागतो. (श्रीमंत बाँडही या बाबतीत सोवळा नव्हता: ‘गोल्डफिंगर’मधील गेर्ट फ्रोबे यांच्या तोंडून ऐकू येणारा आवाज मायकेल कॉलिन्स या दुसऱ्याच नटाचा आहे.)

फिल्मच्या खर्चावरचा तोडगा तर अधिक चतुर होता. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका चित्रचौकटीसाठी साधारणपणे कडेच्या चार छिद्रांइतकी उंची लागते. टेक्निकलर कंपनीच्या इटालियन शाखेने १९६० च्या सुमारास ‘टेक्निस्कोप’ नावाची पद्धत काढली, जिच्यात दोनच छिद्रांइतकी उंची वापरली जाई. चौकट आपोआप आडवी आणि रुंद होई, फिल्म निम्मी लागे आणि रुंद पडद्यासाठी लागणारी महागडी विशेष भिंगे कॅमेऱ्याला बसवावी लागत नसत. चित्र थोडे भरड दिसे हीच काय ती किंमत. याच पद्धतीत सर्जो लिओने यांचे काउबॉयपट चित्रित झाले आणि मायकेल केन यांचा ‘द इप्क्रेस फाइल’ हा ब्रिटिश हेरपटही, त्यामुळे तिला गरिबाची सोय म्हणून हिणवण्याचे कारण नाही.

इतकी काटकसर करूनही ज्वालामुखीचे तळ आणि बुडणारी जहाजे परवडत नव्हतीच, आणि येथे कथानकाची रचनाच खिशाच्या मापाने बेतली गेली. हेरपटातील सर्व पात्रे ज्या वस्तूमागे धावतात ती वस्तू सूक्ष्मफीत असणे किती सोयीचे आहे पाहा: जगाचे भवितव्य नखाएवढ्या फिल्मच्या तुकड्यात मावते आणि तो तुकडा लायटरात, बुटाच्या टाचेत किंवा बाहुलीच्या पोटात लपवता येतो. वस्तू जितकी स्वस्त, तितकी तिची कीर्ती मोठी करावी लागते, म्हणून कुणी ना कुणी अधिकारी टेबलामागे बसून त्या शोधाने किती शहरे नष्ट होतील हे सांगतो आणि प्रेक्षक ती नष्ट होताना पाहण्याऐवजी ऐकून घेतो. लिंडसे शाँटेफ यांच्या ‘लायसन्स्ड टू किल’ या १९६५ च्या ब्रिटिश चित्रपटात सगळा खटाटोप गुरुत्वाकर्षणावर मात करणाऱ्या यंत्राच्या शोधासाठी चालतो. या चित्रपटाचा नायक चार्ल्स व्हाइन हा बाँडचा इतका उघड धाकटा भाऊ होता की अमेरिकेतील वितरकांनी चित्रपटाचे नाव बदलून ‘साऱ्या जगातील दुसऱ्या क्रमांकाचा सर्वोत्तम गुप्तहेर’ अशा अर्थाचे ठेवले, आणि स्वतःची जागा एवढ्या खेळकरपणे मान्य करणारे शीर्षक क्वचितच सापडेल.

खलनायकाचा तळही असाच उभा राहतो. वीजकेंद्र, सिमेंटचा कारखाना, एखादी खरी गुहा किंवा धनिकाचा भाड्याने घेतलेला बंगला, त्यात लुकलुकणाऱ्या दिव्यांची एक फळी, एकसारखे डगले घातलेले दहा-बारा सहायक आणि भिंतीवर जगाचा नकाशा एवढ्यावर जागतिक कटाचे मुख्यालय भागते. विमान उडाल्याचे दृश्य विमान कंपनीच्या किंवा जुन्या चित्रसंग्रहाच्या फितीतून घेतलेले असते, म्हणून नायक एका जातीच्या विमानात चढतो आणि दुसऱ्या जातीच्या विमानातून उतरतो. मोटारीतील संवाद स्टुडिओतच चित्रित होतात आणि मागच्या पडद्यावर आधी टिपलेला रस्ता मागून प्रक्षेपित केला जातो. या युक्तीला पार्श्वप्रक्षेपण म्हणतात आणि सुकाणू कुठेही वळवले तरी रस्ता सरळच राहतो तेव्हा ती उघडी पडते. काही दिग्दर्शकांनी मात्र या लबाडीला कलेची पातळी गाठून दिली. आंतोनियो मार्गेरीती हे छोट्या प्रतिकृतींचे स्फोट आणि पूर घडवण्यात वाकबगार होते. मारियो बाव्हा यांनी १९६८ च्या ‘डेंजर: डायबोलिक’मध्ये (तो हेरपट नसून चोरपट असला तरी त्याच कुळातला आहे) काचेवर रंगवलेल्या आणि छायाचित्रांतून कातरलेल्या तुकड्यांतून एवढे अवाढव्य भूमिगत निवासस्थान उभे केले, की ते प्रत्यक्ष बांधलेच गेले नव्हते यावर विश्वास बसत नाही.

जे बांधता येत नव्हते ते शोधावे लागले, आणि या चित्रपटांचे सर्वांत टिकाऊ मोल येथे आहे. इस्तंबूल, बैरुत, टँजिअर, बँकॉक, रिओ, हाँगकाँग या शहरांत थोड्या माणसांचे पथक जाई, रस्त्यांवर, बंदरांवर, नव्या हॉटेलांच्या गच्च्यांवर चित्रीकरण करी आणि उरलेले काम रोमला परतून पुरे होई. अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा १९५८ मध्ये सुरू झाली होती, तरी विमानप्रवास सामान्य युरोपीय माणसाच्या आवाक्याबाहेरच होता. १९६६ पासून काही वर्षे तर ब्रिटिश नागरिकाला परदेश दौऱ्यावर पन्नास पौंडांहून अधिक खर्च करण्याची परवानगी नव्हती. अशा प्रेक्षकाला विमानतळाचे चकचकीत दालन, हॉटेलच्या स्वागतकक्षातली किल्ली आणि खिडकीतून दिसणारा बॉस्फरस हेच अर्धे तिकीट वसूल करून देत असत. स्पॅनिश दिग्दर्शक आंतोनियो इसासी यांचा ‘दॅट मॅन इन इस्तंबूल’ हा १९६५ चा चित्रपट आज पाहताना कथानक मागे पडते आणि लक्ष जाते ते गॅलाटा पुलावरची वर्दळ, बोटी आणि दुकानांच्या पाट्या यांकडे. गृहयुद्धापूर्वीचे बैरुत, उंच इमारतींनी वेढले जाण्यापूर्वीचे बँकॉक यांच्या हलत्या रंगीत प्रतिमा या टाकाऊ मानल्या गेलेल्या चित्रपटांत विखुरलेल्या आहेत. इतिहास नोंदवण्याचा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. खरा रस्ता फुकट मिळतो एवढेच त्यांना ठाऊक होते. बाँडपटांना मात्र जसजसा पैसा मिळत गेला तसतसा त्यांचा मोठा भाग पाइनवुडच्या भिंतींआड गेला.

गरिबीतून वास्तवाकडे जाण्याची ही वाट झाँ-ल्यूक गोदार यांनी १९६५ मध्ये तिच्या टोकापर्यंत नेली. एडी कॉन्स्टंटाइन हे लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेले, चेहऱ्यावर वणांचे खड्डे असलेले नट १९५३ पासून फ्रेंच चित्रपटांत लेमी कॉशन या हेराची भूमिका करत आले होते; गोदार यांनी त्यांना तोच ओव्हरकोट आणि तेच नाव घेऊन ‘अल्फाव्हिल’ या भविष्यकालीन नगरात पाठवले आणि त्या नगरासाठी एकही देखावा बांधला नाही. पॅरिसच्या नव्या काचेच्या इमारती, प्रकाशमान जिने आणि रिकामे मार्ग रात्री, जादा दिव्यांचा फारसा आधार न घेता कृष्णधवल फिल्मवर टिपले गेले आणि छायाचित्रकार राउल कुतार यांच्या कॅमेऱ्याने वर्तमानालाच परग्रह बनवले. या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. त्याची गणना कलापटांत होते हे योग्यच आहे, तथापि त्याची युक्ती स्वस्त हेरपटाचीच आहे हे ध्यानात घेतले म्हणजे दोहोंमधली भिंत वाटते तेवढी जाड राहत नाही.

या प्रकाराच्या निर्लज्जपणाचा कळस पाहायचा तर १९६७ च्या ‘ओके कॉनरी’कडे वळावे लागते. शॉन कॉनरी परवडत नाहीत तर त्यांचा भाऊ घ्यावा असा सरळ हिशेब इटालियन निर्मात्यांनी केला आणि अभिनयाचा अनुभव नसलेल्या, व्यवसायाने गिलावा करणाऱ्या नील कॉनरी यांना नायक केले. चित्रपटात ते संमोहनविद्या जाणणारे प्लास्टिक सर्जन आहेत आणि प्रसिद्ध हेराचे भाऊ असल्यामुळेच हेरखाते त्यांना कामाला लावते. त्यांच्याभोवती बाँडपटांतले ओळखीचे चेहरे जमवले गेले: ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ची नायिका डॅनिएला बिआंकी, ‘थंडरबॉल’चा खलनायक आडोल्फो चेली, ‘डॉ. नो’मधले अँथनी डॉसन, आणि बाँडचे वरिष्ठ ‘एम’ व त्यांची सचिव मिस मनीपेनी या भूमिका करणारे बर्नार्ड ली आणि लोइस मॅक्सवेल. संगीत एन्यो मोरिकोने आणि ब्रुनो निकोलाई यांचे. एवढे करून नायकाचा आवाज दुसऱ्याच माणसाचा आहे. अमेरिकेत हा चित्रपट वितरित केला तो बाँडपटांचे वितरण करणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीनेच, म्हणजे नक्कल आणि अस्सल यांचा गल्ला एकच होता. किरणोत्सारी धाग्यांचे गालिचे विणणारे अंध कामगार अशी त्यातली कल्पना वेडगळ खरी, पण बाँडपटांत तिच्याइतकी विचित्र कल्पना सहसा आढळत नाही. मोठ्या भांडवलाला असले धाडस झेपत नाही.

संगीताबाबत या चित्रपटांनी कमीपणा घेण्याचे कारणच नव्हते. रोममध्ये त्या दशकात मोरिकोने, निकोलाई, पिएरो उमिलियानी, पिएरो पिच्चोनी असे संगीतकार वर्षाकाठी अनेक चित्रपट करत. तंतुवाद्यांचा मोठा ताफा नसला तरी विजेची गिटार, ऑर्गन, बोसानोव्हाचा ठेका आणि शब्दांविना गाणारा स्त्रीकंठ एवढ्यावर ते रात्रीच्या रिकाम्या रस्त्यालाही धोक्याचा आणि चैनीचा वास देत. कित्येक चित्रपट विस्मृतीत गेले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका मात्र आजही पुनःपुन्हा निघतात, यात अन्याय फारसा नाही.

यांचे दोष झाकण्यात मात्र अर्थ नाही. मधल्या भागात पाठलाग आणि दारे उघडून बंद करणे यांत वीस-वीस मिनिटे वाया जातात. स्त्रीपात्रांना पोशाख बदलण्यापलीकडे फारसे काम नसते. ‘मिशन स्पेशल लेडी चॅप्लिन’मधली, फॅशनच्या दुनियेत वावरणारी आणि वेषांतरात निष्णात अशी डॅनिएला बिआंकी यांची गुन्हेगार नायिका हा सुखद अपवाद, आणि तिच्यासमोर केन क्लार्क यांचा एजंट ०७७ डिक मॅलॉय लाकडी वाटतो. पौर्वात्य शहरे वापरायची आणि तिथली माणसे केवळ गर्दी, विश्वासघातकी वाटाडे किंवा पडणारे शिपाई म्हणून दाखवायची, ही खोड तर सार्वत्रिक आहे. ‘बँकॉकमध्ये ओ.एस.एस. ११७’ या अर्थाच्या १९६४ च्या चित्रपटात भारतातील प्लेगच्या साथीचा धागा बँकॉकमधील लसीच्या प्रयोगशाळेशी जुळतो, पण मरणारा भारत हा केवळ संवादातला आकडा आहे. राजकारणात मात्र हे चित्रपट अपेक्षेपेक्षा सावध आढळतात. शीतयुद्धाचा काळ असूनही खलनायक बहुधा मॉस्कोचा नसतो, तो दोन्ही महासत्तांना झुंजवू पाहणारा धनाढ्य वेडा किंवा खासगी टोळी असतो. इटलीत १९६३ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाला पंचवीस टक्क्यांहून अधिक मते पडली होती. तिकीट खिडकीवर उभ्या असलेल्या चौघांतील एकाला दुखावणे निर्मात्याला परवडणारे नव्हते.

या लाटेचे पाणी भारतापर्यंतही आले. १९६६ मध्ये तेलुगूत कृष्णा यांचा ‘गूढचारी ११६’ आला, ज्याचा क्रमांक फ्रेंच नायकाच्या क्रमांकाशेजारचाच आहे, आणि पुढच्याच वर्षी रविकांत नगाइच यांनी त्यावरून हिंदीत ‘फर्ज’ काढला. व्ही. शांताराम यांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’मधून नायक झालेले आणि गिरगावातल्या चाळीत वाढलेले जितेंद्र ‘फर्ज’मधील एजंट ११६ मुळे खरे लोकप्रिय झाले, त्यांची पांढऱ्या बुटांतील नाचरी प्रतिमाही याच चित्रपटाची. नगाइच मूळचे छायाचित्रकार आणि कॅमेऱ्यातल्या करामतींचे जाणकार होते, त्यामुळे देखाव्यांची उणीव युक्तीने भरून काढण्याची रोमची विद्या त्यांना नव्याने शिकावी लागली नाही. १९७९ च्या ‘सुरक्षा’मध्ये मिथुन चक्रवर्ती यांना गनमास्टर जी-९ करून त्यांनी तीच विद्या पुन्हा वापरली. कन्नडमध्ये दोरै-भगवान या दिग्दर्शकद्वयाने राजकुमार यांना सी.आय.डी. ९९९ बनवले आणि १९६८ च्या ‘जेडर बले’नंतर त्याच वर्षी त्यांना ‘गोवादल्ली सी.आय.डी. ९९९’मध्ये गोव्याला पाठवले. रामानंद सागर ‘आँखें’साठी बैरुत गाठू शकले, परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात इतरांना ते दुरापास्त होते, आणि सातच वर्षांपूर्वी पोर्तुगीज अमलातून मुक्त झालेला, चर्च, समुद्र आणि लॅटिन वळणाच्या घरांचा गोवा हे पासपोर्टशिवाय गाठता येणारे परदेश ठरले.

युरोपात ही लाट १९६८ पर्यंत ओसरली. काउबॉयपटांनी आणि पुढे इटालियन खूनपटांनी तिची माणसे आणि स्टुडिओ ताब्यात घेतले. फ्रेडरिक स्टॅफर्ड यांना हिचकॉक यांनी ‘टोपाझ’मध्ये नायक केले. स्टॅफर्ड यांच्यानंतर ओ.एस.एस. ११७ झालेले जॉन गॅव्हिन यांची तर १९७१ च्या बाँडपटासाठी खरोखरच निवड झाली होती, पण शॉन कॉनरी परतले आणि ती भूमिका हुकली. दहा वर्षांनी ते मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले, जे काम पडद्यावरील एका निवृत्त हेराला शोभणारेच म्हटले पाहिजे. २००६ मध्ये मिशेल हझानाव्हिसियुस यांनी झाँ दुजार्दँ यांना घेऊन ओ.एस.एस. ११७ चे विडंबन केले, तेव्हा जुने पार्श्वप्रक्षेपण आणि जुने रंग मुद्दाम, खर्च करून पुन्हा घडवावे लागले.

सर्वांत चिवट निघाली ती ‘कमिसार एक्स’ ही पश्चिम जर्मन स्वस्त कादंबऱ्यांवर आधारलेली मालिका. टोनी केंडल असे इंग्रजी नाव घेतलेले लुचानो स्टेला हे छचोर खासगी गुप्तहेर, आणि मारामारीची आखणीही सांभाळणारे ब्रॅड हॅरिस हे त्यांच्यावर वैतागणारे पोलीस कप्तान, अशी जोडी १९६६ पासून सात चित्रपटांत श्रीलंका, सिंगापूर, इस्तंबूल, कॅनडा, थायलंड अशी हिंडत राहिली. १९७१ चा सातवा चित्रपट हाराल्ड राइनल यांनी पाकिस्तानात चित्रित केला, आणि त्यात उर्दू पडद्यावरचे त्या काळचे मोठे तारे मोहम्मद अली आणि झेबा यांना गर्दीत उभे न करता नायकांच्या बरोबरीचे काम द्यावे लागले, कारण या खेपेला ओळखीच्या चेहऱ्यांची गरज पाहुण्यांनाच अधिक होती. त्यानंतर मालिकेचा आठवा चित्रपट निघाला नाही.